वरची हातभर माती टाकू नका : पुरातत्त्वाच्या मराठी शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की तुमचे उत्खननाचे तंबू पडतील. खुंट्या, सुतळ्या, चाळण्या, लेबलांचे गठ्ठे, नवी कोरी नोंदवही. चौकोन आखले जातील आणि पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणेल, "वरचं लवकर काढून टाका, ते सगळं डिस्टर्ब्ड आहे." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

ते वाक्य मी ऐकलं, पाळलं आणि पुढे वीस-बावीस वर्षं माझ्या हाताखालच्या मुलांनाही सांगत आले. पहिल्यांदा ऐकलं ते तापीकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर. खाली ताम्रपाषाण युगाची रंगीत खापरं आहेत हे ठाऊक होतं. आमच्या आणि त्यांच्या मध्ये होती हातभर जाडीची काळपट माती. त्या मातीत काय नव्हतं! बाटल्यांच्या काचा, नालाचा तुकडा, बांगड्या, भाजक्या मातीच्या चिलमी, एक पितळी बटण. घमेली उचलायला जवळच्या वस्तीतल्या भिल्ल बाया येत. त्यांतल्या एकीने चिलमीचं तोंड उचललं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "हाई ते मना आजाना येळनं शे." हे माझ्या आज्याच्या वेळचं आहे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मी तिला घमेलं दाखवलं. चिलीम घमेल्यात गेली आणि घमेलं बांधापलीकडच्या ढिगावर. त्या वर्षीच्या अहवालात वरच्या थराला अडीच ओळी मिळाल्या.

तिच्या आज्याचा काळ म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८२५ साली जेम्स आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी करायला घेतली. एका बाजूने डोंगरातल्या हट्ट्यांवर, म्हणजे भिल्लांच्या वस्त्यांवर, छापे आणि दुसऱ्या बाजूने तिथल्याच तरुणांना पगार, बंदूक आणि गणवेश. १८७८ च्या कायद्याने जंगलात पाऊल टाकणं हाच गुन्हा होऊ लागला. या साठ वर्षांत त्या वस्तीतल्या माणसांनी काय खाल्लं, कशात शिजवलं, कुठून कुठे हलले, काय विकत घेतलं आणि काय हाताने करणं सोडलं, ते सगळं त्या हातभर मातीत होतं. पितळी बटण पलटणीतल्या शिपायाच्या अंगरख्याचं होतं की बाजारातून आलेलं, हे आता कळायची सोय नाही. ते किती खोलीवर, कशाशेजारी सापडलं, हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

मला हे उमगलं ते खानदेशात नाही, अंदमानात. म्हणून आधी तिकडची गोष्ट सांगते.

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी. मीही त्याचसाठी गेले. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभारलेली ती इमारत, सावरकरांनी १९११ ते १९२१ जिथे काढली ती कोठडी, तेलाचा घाणा. तिथे गळा दाटून येतो आणि यावाच. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोटीने रॉस बेटावर नेलं. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. मुळांनी गिळलेल्या भिंती, चर्च, बेकरी, मधून फिरणारी हरणं. फोटो झाले, नारळपाणी झालं, परतीची बोट लागली. त्याच बेटावर १८६३ साली 'अंदमान होम' नावाचं घर उघडलं होतं, हे आमच्या सहलीत कुणी उच्चारलं नाही. मी पुरातत्त्वात आयुष्य काढलेली बाई, मलाही ते परत आल्यावर वाचून कळलं.

ज्या जमिनीवर आपल्या क्रांतिकारकांना डांबलं, ती जमीन कुणाची होती? आज ज्यांना ग्रेट अंदमानी म्हणतात त्यांची. त्यांचे दहा गट होते, दहा नावं होती. पोर्ट ब्लेअरच्या परिसरात आका-बेआ राहत. इंग्रजांनी १७८९ साली तिथे एकदा वसाहत करून पाहिली आणि १७९६ ला गाशा गुंडाळला. मग सत्तावनचा उठाव झाला, कैद्यांना ठेवायला जागा हवी झाली, आणि मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला. कैद्यांच्या हातात कुऱ्हाडी देऊन जंगल तोडायला सुरुवात झाली. जंगल तुटलं की डुक्कर गेलं, मध गेला, वस्तीची जागा गेली.

एप्रिल १८५९ मध्ये अंदमानींनी कैद्यांच्या तुकड्यांवर हल्ले केले. त्या हल्ल्यांच्या सरकारी वृत्तांतात एक नोंद आहे, ती मी कितीदा वाचली असेल! ज्यांच्या पायात बेडीचं कडं होतं त्यांनी प्रतिकार केला नाही, तर त्यांना हात लावण्याचा हल्लेखोरांचा इरादा दिसला नाही. ते शोधत होते मुकादमांना. मुकादमांच्या पायात कडं नसे, डोक्याला लाल फेटा असे आणि कमरेला रंगीत पट्टा. ज्यांना इंग्रज रानटी म्हणत होते त्यांनी वर्षभरात हे ओळखलं होतं की या परक्या माणसांत कोण बांधलेला आहे आणि कोण बांधणारा. पुढच्याच महिन्यात, मे १८५९ मध्ये, अ‍ॅबर्डीनची लढाई झाली. पळून जाऊन त्यांच्यात राहिलेल्या दूधनाथ तिवारी या कैद्याने आधीच येऊन खबर दिली होती. बाणांसमोर बंदुका होत्या. तिचं स्मारक आज शहरात आहे. आपल्यापैकी किती जण तिथे थांबतात?

याच जागी काही वर्षांनी आणखी एक आदिवासी आणला गेला, सातपुड्यातला. निमाडचे भीमा नायक. खानदेश-निमाडच्या सीमेवर इंग्रजांशी लढलेला हा भिल्ल नायक १८७६ साली पोर्ट ब्लेअरलाच वारला. एका आदिवासीची भूमी हिसकावून तिचा तुरुंग केला आणि दुसऱ्या आदिवासीला त्याच्या भूमीवरून उचलून त्यात टाकलं. आपल्या पाठ्यपुस्तकात हे दोघं कधी एका पानावर भेटत नाहीत. मातीत मात्र भेटतात.

१८६३ च्या त्या घराकडे परत येते. पाद्री हेन्री कॉर्बिन यांच्याकडे त्याचा कारभार होता. अंदमानींना तिथे आणून ठेवायचं, कपडे घालायला लावायचे, इंग्रजी शिकवायचं, काम करून घ्यायचं. पुढे अशी घरं वाढली, आणि त्यांतल्या माणसांना पळालेले कैदी पकडून आणायच्या कामालाही लावलं गेलं. तिथे जन्मलेली मुलं जगत नव्हती. घरांतून रोग जंगलात गेले. १८७७ साली गोवर आला आणि गावंच्या गावं बसली. १८५८ मध्ये काही हजारांत असलेले ग्रेट अंदमानी १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले, १९३१ मध्ये ९० आणि १९६१ मध्ये १९.

आपल्या विषयाचा जन्मही त्याच काळातला. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सरकारने पुरातत्त्व सर्वेक्षक नेमलं आणि ते उत्तरेत बुद्धाच्या पाऊलखुणा शोधत फिरू लागले. दोन वर्षांनी त्याच सरकारने रॉस बेटावर एका जित्या समाजाला घरात कोंडलं. मेलेल्यांचा भूतकाळ जपायचा आणि जित्यांचा पुसायचा, हे एकाच हाताने चाललं होतं. कनिंगहॅम यांचं ऋण मी मानते. पण वरचा थर 'आपल्या कामाचा नाही' ही सवय आपल्याला कुठून लागली, हे शोधायचं तर तिथवर जावं लागतं.

आता काचेबद्दल. मला या पत्रात सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

१८७० च्या दशकात या घरांचा कारभार पाहणारा ई. एच. मॅन हा अधिकारी बारकाईने लिहिणारा होता. त्याने नोंदवलंय की अंदमानी पूर्वी पांढऱ्या गारगोटीच्या छिलक्यांनी, म्हणजे टोला मारून काढलेल्या धारदार कपच्यांनी, डोकं भादरत आणि अंगावर बारीक चिरांची नक्षी काढत. बाटल्या मिळायला लागल्यावर ते काम काचेवर आलं. छिलके काढणं बायकांचं काम. छिलका पात्यासारखा निघाला तर तो केस काढायला, टोकदार निघाला तर चिरा द्यायला. एकदा वापरलेला छिलका पुन्हा वापरायचा नाही. आणि वापरून झाला की तो उकिरड्याच्या ढिगावर टाकायचा, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

ही शेवटची ओळ पुन्हा वाचा. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. म्हणजे अंदमानातल्या अशा जुन्या ढिगांच्या माथ्यावर काच का सापडते याचं उत्तर आपल्याला आयतं मिळालंय. ती वाऱ्याने आली नाही, उंदरांच्या बिळांतून घसरली नाही, पर्यटकांनी फेकली नाही. कुणी आईने पोराचं डोकं भादरून झाल्यावर पोराच्याच पायाची काळजी घेऊन ती तिथे ठेवली.

मी घरी करून पाहिलं. गडद हिरव्या जाड बाटलीचं बूड घेतलं, बूड म्हणजे तळाचा तो खोलगट भाग, जिथे काच सगळ्यात जाड असते. गॅलरीत पोतं अंथरलं, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजा आणि नदीतला एक गुळगुळीत गोटा. पहिले आठ-दहा टोले वाया गेले. काच नुसती फुटते, छिलका निघत नाही. मग मनगट किती ढिलं ठेवायचं आणि कडेपासून किती आत मारायचं ते हळूहळू हाताला कळलं आणि एक नखाएवढा छिलका सुटला. टोला बसला तिथे फुगीर उंचवटा, त्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा वळ्या, आणि समोरची कड इतकी पातळ की उजेडात दिसेनाशी होते. तिने केस कापले जातात, मी कापून पाहिले. पायाखाली चिरडलेल्या काचेला असा उंचवटा बहुधा नसतो, कडा वेड्यावाकड्या तुटलेल्या असतात. वापरलेल्या छिलक्याच्या कडेला एका बाजूने बारीक, सलग चिमट्या निघालेल्या दिसतात. हातात भिंग असेल तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा फरक करता येतो. पण त्याआधी काच घमेल्यात न जाता चाळणीवर यायला हवी.

सरकारी दप्तरात या काचेला जागा नाही. दप्तर सांगतं की अमुक इतके आणले, तमुक इतके मेले, इतकी केळी लावली. दप्तर वाचलं तर वाटतं, घरात आलेला माणूस संपला, त्याचं काही उरलं नाही, तो साहेबाच्या दयेवर जगला. त्या हिरव्या छिलक्याकडे पाहिलं की दुसरंच दिसतं. साहेबाने पिऊन फेकलेली बाटली त्या बाईने उचलली, आजीकडून शिकलेला टोला तिच्यावर मारला, आणि आजी जे काम गारगोटीने करत होती तेच केलं. दगड बदलला, हात तोच राहिला. समाज कोसळत असताना, गोवर घरात असताना, ती हे करत होती. एका वाक्यात मावणारी ही गोष्ट नाही. यात शोकही आहे आणि चिवटपणाही. पुरातत्त्वाला हे दोन्ही एकाच वेळी हातात धरता येतं आणि म्हणूनच मी या विषयावर जीव टाकला.

अंदमानातल्या शिंपल्यांच्या ढिगांवर पहिली टिपणी लिहिली भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी, १८७० साली. म्हणजे पलीकडे घरांत माणसं मरत असताना अलीकडे त्यांच्या उकिरड्याचा अभ्यास सुरू झाला होता. १९५० च्या दशकात लिडिओ चिप्रियानी या इटालियन मानवशास्त्रज्ञाने काही ढीग खणले. माथ्याला बाहेरून आलेल्या वस्तू, त्याखाली खापरं, आणि तळाला खापरांशिवायचे थर, असा क्रम त्याने मांडला. हाच माणूस १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीतल्या वंशवादी जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी होता. त्याच्या थरांच्या नोंदी वापराव्यात, पण लोकांविषयीची त्याची मतं वाचताना ती सही डोळ्यांसमोर ठेवावी.

मग पुण्याचं काम येतं, आणि याचा मला अभिमान आहे. डेक्कन कॉलेजच्या झरीन कूपर यांनी बेटांवरचे ढीग पायी फिरून नोंदवले आणि दक्षिण अंदमानात चौलदारीला उत्खनन केलं. तिथल्या तळाची कार्बन तारीख सुमारे २२०० वर्षांपूर्वीची आली. पण कूपर त्या तारखेवर थांबल्या नाहीत. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या सँड्रा बाऊडलर यांच्यासोबत त्यांनी अंदमानातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या काचेच्या हत्यारांवर लेख लिहिला. म्हणजे वाट पडलेली आहे, आपल्याच गावातून पडलेली आहे. आपण तिच्यावरून चाललो नाही. अंदमानचं नाव निघालं की आपल्या वर्गांत अजून ती २२०० वर्षं सांगितली जातात आणि माथ्यावरच्या काचेचा उल्लेख राहून जातो.

याचा परिणाम साधा नाही. माथा उडवला की उरतो तो फक्त तळ, आणि तळ पाहून आपण त्या माणसांना 'अश्मयुगातले' म्हणून मोकळे होतो. सहलींच्या जाहिरातींत तो शब्द अजून आहे. १९०६ ते १९०८ या काळात मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन अंदमानात होते. त्यांनी ज्यांच्याशी बोलून लिहिलं ती माणसं पन्नास वर्षांच्या वसाहतीतून, साथींतून, घरांतून आलेली होती, आणि तरी त्यांच्या लिखाणात समाज असा उभा राहतो जणू इंग्रज तिथे उतरलेच नव्हते. त्यांनी कागदावर जे केलं तेच आम्ही खड्ड्यात करत आलो. वरचा थर काढला, आणि खालचं 'शुद्ध' म्हणून दाखवलं.

हे दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकतं. टास्मानियाजवळच्या फ्लिंडर्स बेटावर वायबालेना नावाची जागा आहे. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सनने टास्मानियाच्या मूळ रहिवाशांना गोळा करून तिथे नेलं. १८३३ ते १८४७ पर्यंत ही वसाहत चालली आणि बंद झाली तेव्हा ४७ माणसं उरली होती. अंदमान होमची थोरली बहीणच ती. पुरातत्त्वज्ञ जूडी बर्मिंगहॅम यांनी १९६९ पासून तिथे उत्खनन केलं आणि खणलं ते नेमकं त्या लोकांना राहायला दिलेल्या विटांच्या खोल्यांच्या जागी. त्या मातीतून वॉलबीसारख्या रानप्राण्यांची हाडं निघाली, जी माणसं रेशनच्या मांसावर आणि प्रार्थनेवर सुधारत असल्याचं रॉबिन्सन वरिष्ठांना कळवत होता त्यांच्या चुलीतली. १९९९ मध्ये ती जमीन तिथल्या आदिवासी समाजाकडे परत गेली. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ट्रुगानिनी ही बाई १८७६ साली वारली तेव्हा 'टास्मानियन संपले' असं जगाने लिहून टाकलं होतं. तिचा सांगाडा १९४७ पर्यंत संग्रहालयात लोकांना दाखवला गेला आणि १९७६ मध्ये कुठे तिला अग्नी मिळाला. तिचा समाज आजही आहे आणि आपल्या जमिनी मागतो आहे.

म्हणून 'शेवटचा' हा शब्द लिहिताना हात थांबवा. २६ जानेवारी २०१० रोजी बोआ सीनियर गेल्या. आका-बो ही ग्रेट अंदमानींची एक भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या, हे खरं. त्यांच्या तोंडची भाषा भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी टिपून ठेवली म्हणून ती आज ऐकता तरी येते. पण ग्रेट अंदमानी समाज संपलेला नाही. स्ट्रेट बेटावर आणि शहरात त्यांची कुटुंबं आहेत, मुलं शाळेत जातात. ढिगाच्या माथ्यावरची काच त्यांच्या पणजीच्या हातची आहे. तिच्याबद्दल प्रश्न विचारायचा पहिला हक्क त्यांचा.

हाडांविषयीही बोललं पाहिजे. १८७९-८० मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी लंडनमध्ये अंदमानी सांगाड्यांची मापं छापली. अंदमानींमध्ये जवळच्या माणसाची कवटी किंवा हाडं दोऱ्यात ओवून अंगावर वागवायची रीत होती, आठवण म्हणून. तीही गोळा करून युरोपच्या कपाटांत गेली. आईचं हाड लेकीच्या गळ्यातून निघून नंबरच्या चिठ्ठीखाली गेलं, याला संकलन म्हणायला माझी जीभ धजत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावाला निघाली होती. नागालँडमधून आवाज उठला आणि ती मागे घ्यावी लागली. नागा मंडळी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाशी आपल्या पूर्वजांविषयी वर्षानुवर्षं बोलत आहेत. अंदमानींच्या बाजूने असं बोलायला माणसं मोजकी आहेत, म्हणून आपण अभ्यासकांनी त्यांना विचारून त्यांच्या मागे उभं राहायला हवं.

आणि आता आपल्या घरी. अंदमान लांब आहे म्हणून सुटका करून घेऊ नका.

कातकरी हे नाव कातावरून पडलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात पाडायचा, हा त्यांचा धंदा होता. जंगल राखीव झालं, खैर तोडणं गुन्हा झालं, आणि माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर, मग वीटभट्ट्यांवर गेली. ठाणे-रायगडच्या डोंगरांत चुली, राख आणि फुटकी मडकी असलेली कात पाडण्याची ठिकाणं कुठे होती, आणि कोळशाच्या भट्ट्यांचे काळे गोल कुठे आहेत, हे आज सत्तरी-ऐंशीतली माणसं बोट दाखवून सांगू शकतील. आणखी दहा वर्षांनी नाही. त्यासाठी खणायचीही गरज नाही, नकाशा, वही आणि पायपीट पुरे.

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द अजून पत्त्यात लिहिला जातो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः चोर ठरवलं त्यांना तारेच्या आत ठेवायची ती जागा. अंदमान होमशी तिचं नातं काय हे सांगायला नको. १९५२ साली तो कायदा गेला, पण तारेच्या आतलं जगणं कसं होतं ते अजून तिथल्या मातीला विचारलेलं नाही.

आणि अंबापाणी. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नची १८७६ ची लढाई आहे. १९८३ मध्ये तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी अभ्यासकांनी धातुशोधक घेऊन एकेक काडतूस, एकेक गोळी नकाशावर मांडली. लढलेल्या आदिवासींनी सांगितलेली हकीकत, जी शंभर वर्षं कुणी मनावर घेतली नव्हती, ती बऱ्याच अंशी त्या नकाशावर उतरली. अंबापाणीला आपल्याकडे अजून गाण्यांतून, घराण्यांतून ऐकलेलं आहे. ते ऐकून मग डोंगर चालून पाहणारा एखादा विद्यार्थी आपल्या विभागांतून निघू नये, हे मला लागतं.

काही जण म्हणतील, पैसा कुठे आहे, वेळ कुठे आहे, परवाना ताम्रपाषाणाचा घेतला तर काचा कशा मोजायच्या. ही अडचण मी पंचवीस वर्षं भोगलेली आहे, ती खोटी नाही. पण कायदा आड येत नाही. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या अवशेषांना प्राचीन मानतो, पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही बहुतेक वस्तूंना तीच अट लावतो. १८५९ ची काच कधीच त्या उंबरठ्याच्या आत आलेली आहे. चार चौकोनांपैकी एका चौकोनातली वरची माती तरी चाळा. काच, लोखंड, चिलीम, बटण, सगळ्याला खोली आणि जागा लिहा. अहवालात अडीच ओळींऐवजी एक प्रकरण द्या, छोटं का असेना. परीक्षेत वसाहतकाळातल्या आदिवासी वस्तीवर एक प्रश्न घाला, म्हणजे मुलं वाचतील. अंदमानात काम करायचं तर तिथल्या आदिवासींच्या संरक्षणासाठी केलेल्या १९५६ च्या नियमांच्या परवानगीवर थांबू नका. स्ट्रेट बेटावरच्या लोकांना आधी विचारा आणि ते नको म्हणाले तर परत या. जारवा आणि सेंटिनेली या तिथल्या दुसऱ्या जमातींच्या वाटेला तर जाऊच नका, त्यांचे ढीग अजून चालते आहेत.

तापीकाठच्या त्या चिलमीचा पत्ता आता लागणार नाही. तो ढीगही शेतात मिसळून गेला असेल. ती बाई हयात असेल तर सत्तरीच्या पुढे असेल, आणि मी तिचं नावही लिहून ठेवलं नव्हतं, हजेरीपटावर फक्त अंगठा होता.

यंदा चौकोन आखल्यावर माणसं वाटून द्याल तेव्हा जवळच्या वस्तीतल्या एखाद्या जाणत्या बाईला घमेल्यापाशी उभी करू नका, चाळणीपाशी बसवा. रोजंदारी चाळणीवाल्याची द्या. काही हातात आलं आणि ती बोलली, तर तिच्या बोलीत, तिच्या नावासकट, ते त्याच दिवशी वहीत उतरवा.

आपली,
तुमच्याच वाटेने चाललेली एक जुनी विद्यार्थिनी